चौथी वाटी

कुवेतमधल्या आमच्या फरवानियाच्या घरात नियम फार नव्हते. जे होते ते आईचे होते, आणि त्यातला पहिला असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आई सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होती. दिवसभर रक्ताच्या बाटल्या, काचपट्ट्या आणि ते एक कुरकुरणारं यंत्र. यंत्राने चुकीचा आकडा दाखवला की ती आधी फक्त रसायन बदलायची आणि पुन्हा तपासायची. नाही जमलं तर रसायन होतं तसं ठेवून फक्त काचेची नळी. हीच पद्धत तिने दवाखान्यातून थेट आमच्या ओट्यावर आणली होती. आमटी बिघडली की मला उलटतपासणी. चिंच बदललीस की डाळ? दोन्ही? मग आता बस शोधत. तिच्या आवाजात राग नसायचा, पण एक समाधान असायचं, आणि मला ते रागापेक्षा जास्त झोंबायचं. बाबांना या कशाशीच देणंघेणं नव्हतं. ते अर्दियाच्या एका कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होते आणि आमटी कशीही असली तरी खुबूसबरोबर खायचे. खुबूस म्हणजे तिथली गरम, फुगलेली रोटी. पिठलं आणि खुबूस हे आमचं शुक्रवारचं जेवण. माझ्या नातवंडांना हे सांगितलं की ती तोंड वाकडं करतात. करोत बापडी. त्यांनी भट्टीतून रद्दी कागदात गुंडाळून आणलेला, हाताला चटके देणारा खुबूस खाल्लेला नाही.

त्या उन्हाळ्यात मी एकोणीस-वीस वर्षांची होते आणि नापास होऊन घरी बसले होते. नापास म्हणजे एकाच पेपरात. मी मानसशास्त्राची पदवी बाहेरून देत होते. पुस्तकं मामा पाठवायचा, अभ्यास कुवेतमध्ये, परीक्षा इकडे भारतात येऊन. बाकीच्या पेपरांत बरे मार्क होते, संशोधनपद्धतीच्या पेपरात मात्र सपशेल आडवी. कारण मला आज जितकं स्पष्ट दिसतं तितकंच तेव्हाही दिसत होतं. फॅक्टोरियल डिझाइन नावाचं एक प्रकरण होतं, त्यावर मोठा प्रश्न आला आणि मी त्याचं उत्तर आईच्या नियमाने लिहिलं. पुस्तक म्हणत होतं की दोन गोष्टी एकाच प्रयोगात बदला. मला वाटलं, छे, असं कसं, मग काय कशामुळे झालं हे कळणार कसं? आणि मी चार पानं भरून ठणकावून लिहिलं की असा प्रयोग करू नये. इतक्या आत्मविश्वासाने नापास झालेली दुसरी मुलगी परीक्षकाने पाहिली नसेल.

त्या प्रकरणात एक आकृती होती. दोन रेघा एकमेकींना छेदून जाताना, कात्री उघडल्यासारख्या. खाली लिहिलं होतं की याला आंतरक्रिया म्हणतात. खिडकीतला एसी घरघरत असायचा, बाहेर धुळीने आकाश पिवळं झालेलं असायचं, आणि मी त्या कात्रीकडे बघत बसायचे. व्याख्या मला तोंडपाठ होती, झोपेतून उठवून विचारली असती तरी म्हटली असती. पण पाठ असणं आणि कळणं यांतलं अंतर मला माहीत होतं, आणि तेच अंतर मला खात होतं. कुवेतमध्ये विचारायचं कुणाला? आमच्या ओळखीत डॉक्टर होते, नर्सेस होत्या, एक्सरे काढणारे होते. मानसशास्त्र शिकणारी मी एकटीच, आणि लोकांना वाटायचं मी वेड्यांची डॉक्टर होणार आहे.

बाबांनी फार शांतपणे सांगून टाकलं होतं. ते ओरडणारे नव्हतेच. त्यांच्या कंपनीत टायपिस्टची जागा रिकामी होणार होती, मॅनेजर ओळखीचा होता, मला टायपिंग येत होतं. या वेळी पास झालीस तर पुढे एमएला जा, मी अडवणार नाही, म्हणाले. नाही झालीस तर हा विषय आपल्यासाठी नाही असं समजू. यात अन्याय काहीच नव्हता, म्हणून भांडताही येईना. अर्दियाचं ते गोदाम मी पाहिलं होतं. पत्र्याचं छप्पर, खोक्यांचे डोंगर, आणि कोपऱ्यात काचेच्या खोपट्यात एक टाइपरायटर. मला ते खोपटं स्वप्नात दिसायचं.

बाहेरून परीक्षा देणाऱ्यांना त्या पेपरासाठी एक छोटा अभ्यास स्वतः करून, लिहून न्यावा लागे आणि त्यावर तोंडी परीक्षा होई. माणसं हवी होती, आणि माझ्या हाताशी माणसं म्हणजे शुक्रवारच्या मराठी वर्गातली पोरं. सुट्टीच्या दिवशी सकाळी सामंतकाकूंच्या हॉलमध्ये हा वर्ग भरायचा. काकूंचे यजमान मोठ्या इस्पितळात डॉक्टर, हॉल ऐसपैस, गालिचा जाड. मी तिथे मदतीला जायचे. आठ-नऊ वर्षांची मुलं, आईबाप पुण्याचे, नागपूरचे, चिपळूणचे, आणि मुलं मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारी. जेवलास का रे? यस आंटी. मराठी त्यांना येत नव्हतं असं नाही. सगळं येत होतं, तोंडातून बाहेर पडत नव्हतं. त्यावर काकूंचं आणि आमच्या शेजारच्या जुबेदाखालाचं कायमचं जुंपलेलं. काकू म्हणायच्या, मुलं चारचौघांत एकमेकांचं ऐकून बोलायला लागतात, त्यांना गटात बसवा. खाला म्हणायची, पोरांना एकेकटं माझ्याकडं धाडा, बघा कशी बोलतत.

जुबेदाखाला रत्नागिरीकडची. तिच्या नवऱ्याचं आमच्या इमारतीखाली किराण्याचं दुकान होतं, तिथे त्याला बकाला म्हणतात. खालाला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. हिंदी येत होतं, पण मराठी पोरं हिंदीत बोलली की ती चक्क बहिरी व्हायची. कानामागे हात धरून, काय गो, काय म्हणतंस, करत राहायची. पोरांचा नाइलाज व्हायचा. ती मला फार आवडायची आणि अजूनही तिची आठवण आली की मला हसू येतं.

तर मी अभ्यास ठरवला, आईच्या देखरेखीखाली. प्रश्न असा की मुलं मराठी जास्त कधी बोलतात. एक गोष्ट म्हणजे विचारणारं कोण: इंग्रजी समजणारी मी, की न समजणारी खाला. दुसरी गोष्ट, मूल एकटं की चौघं एकत्र. चारच मुलं घेतली. काम एकच, घरी काल काय काय झालं ते सांग. एकटं असेल तर प्रत्येकाला तीन मिनिटं, चौघं असतील तर मिळून बारा. मराठीत एक पूर्ण वाक्य आलं की वाटीत खजुराची एक बी टाकायची. बियांना तोटा नव्हता, घरोघरी बशा भरून पडलेल्या असत. आईने मला स्टीलच्या चार वाट्या दिल्या आणि बजावलं की पायरी-पायरीने जा. आधी तू आणि एकटं मूल. मग फक्त विचारणारी बदल. मग परत मूळ जागी ये आणि फक्त संख्या बदल.

तसंच केलं. मी आणि एकटं मूल, तेव्हा पहिल्या वाटीचा तळही झाकला नाही. मुलं मला बघून निवांत इंग्रजीत सुरू. मला सगळं कळतं हे त्यांना ठाऊक, मग कष्ट कोण घेईल? खाला आणि एकटं मूल, दुसरी वाटी शिगोशीग. परत मूळ जागी आले, विचारणारी मी, पण मुलं चौघं एकत्र. ती इरेला पेटली. माझ्यासमोर मराठी बोलून दाखवणं म्हणजे वर्गात शाबासकी, एकाने वाक्य टाकलं की दुसरा त्याहून मोठं टाकणार. तिसरी वाटीही शिगोशीग. आईने तिन्ही वाट्या मोजून घेतल्या, माझ्या मोजणीवर तिचा विश्वास नव्हता, आणि निकाल दिला. खाला चांगली. गट चांगला. आता दोन्ही चांगल्या गोष्टी एकत्र कर, झाला तुझा अभ्यास पूर्ण. मलाही ते इतकं उघड वाटलं की चौथी वाटी मी वापरलीच नाही. तशीच फडताळात ठेवून दिली.

वर मी एक शहाणपणा केला. सामंतकाकूंना म्हटलं, पालकांना बोलवूया, खालासमोर चार मुलं बसवूया, सगळ्यांना ऐकू दे त्यांची पोरं कशी मराठी बोलतात ती. शुक्रवारी दुपारी जेवणानंतर हॉल भरला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. खालाने ठेवणीतली ओढणी घेतलेली. मी फडताळातली ती चौथी वाटी घेऊन बाजूला बसले आणि घड्याळ लावलं. मुलांनी खालाकडे बघितलं, मग एकमेकांकडे बघितलं, आणि अर्ध्या मिनिटात त्यांचा कारभार ठरला. शिल्पा नावाची एक चुणचुणीत मुलगी होती, ती झाली दुभाषी. बाकी तिघं तिला इंग्रजीत सांगणार, खुशाल, हातवारे करत, आणि ती खालाला त्याचं एका वाक्यात मराठी करून देणार. मिहीरने त्याच्या घरची वॉशिंग मशीन कशी बंद पडली, पाणी कुठपर्यंत आलं, वडील कसे घसरले, हे सगळं दोन मिनिटं इंग्रजीत सांगितलं. शिल्पा म्हणाली, त्यांचं मशीन मोडलं. वाटीत एक बी पडली. लोक हसायला लागले. मिहीरचे वडील तर डोळे पुसत होते. बारा मिनिटांनी माझ्या वाटीत इतक्या थोड्या बिया होत्या की हलवल्यावर खुळखुळ वाजत होत्या. सगळे कौतुकानेच हसत होते, कुणी मला हिणवलं नाही, उलट काकूंनी आइसक्रीम वाटलं. पण बाबा जमिनीकडे बघत होते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येताना आई एवढंच म्हणाली की दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या होत्या, मग चुकलं कुठे? ती खरंच विचारात पडली होती. बाबा म्हणाले, शनिवारी मॅनेजरशी बोलतो. रागाने नाही हो. अगदी, आजारी माणसाला पथ्य सांगावं तसं. मी घरात न जाता सरळ खालाच्या दारात गेले आणि तिच्या स्वयंपाकघरात बसून रडले. खालाने मला रडू दिलं. तिचा स्वतःचाही चारचौघांत पोपट झाला होता, पण तिला त्याचं काही नव्हतं. ओढणी काढून तिने चहा टाकला, आणि भांडी घासता घासता पाठमोरी बोलायला लागली.

"अगो नंदाबाय, तुज्याकडं पोर एकटं असलं की आळशी, चौघं असली की वाघ. माज्याकडं एकटं असलं की वाघ, नि चौघं असली की आळशी. आता तू चांगली का मी चांगली, गट चांगला का एकटं चांगलं, ह्या सांगायचा कसा?"

मी रडायची थांबले. हे वाक्य मी कुठेतरी वाचलं होतं. पन्नास वेळा वाचलं होतं, पाठ केलं होतं, फक्त ते असं ऐकलं नव्हतं. माझ्या पिशवीत दुपारची वाटी होती, बियांसकट. मी धावत घरी गेले, आधीच्या तिन्ही वाट्या बियांसकट घेऊन आले आणि खालाच्या फरशीवर मांडल्या. डावीकडे माझ्या दोन, उजवीकडे तिच्या दोन. वरच्या ओळीत एकटं मूल, खालच्या ओळीत चौघं. डावीकडे वर तळ दिसतो, खाली शीग. उजवीकडे वर शीग, खाली खुळखुळ. आडवी बेरीज करा, उभी करा, दोन्हीकडे साधारण सारख्याच बिया. म्हणजे निव्वळ कोण विचारतं यावरून काही ठरत नव्हतं, निव्वळ किती मुलं यावरूनही ठरत नव्हतं, आणि तरी वाटी भरते की रिकामी राहते हे त्या दोन्हींच्या जोडीवर पक्कं ठरत होतं. खुबूसचा कागद पडला होता त्यावर मी दोन रेघा काढल्या. एक वर चढत गेली, एक खाली उतरत. मधे कात्री.

मला तेव्हा जे झालं ते मी नंतर आयुष्यभर मुलांना शिकवताना शोधत राहिले. एखाद्याच्या चेहऱ्यावर ते उमटलं की तो दिवस माझा. आईच्या नियमात तीनच वाट्या होत्या. मूळ जागेवरून एकदा इकडे, एकदा तिकडे. चौथी वाटी, दोन्ही गोष्टी एकत्र बदललेली, तिचा अंदाज आम्ही बाकीच्या तिन्हींवरून बांधला होता. आणि सगळं रहस्य त्या चौथ्या वाटीतच होतं. पुस्तक दोन गोष्टी गोंधळ घालायला बदलत नव्हतं, ते एकही जोडी न गाळता सगळ्या वाट्या मांडत होतं. दुपारी मी फजिती म्हणून जी पिशवीत कोंबली, ती माझ्या अभ्यासातली सर्वांत किमती वाटी होती. खाला माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली की चहा घे, निवतोय. मी तिचे दोन्ही ओले हात धरले. तिला वाटलं माझं डोकं फिरलं.

संध्याकाळी मी वाट्या आईसमोर मांडल्या. तिने चष्मा लावला, पुन्हा सगळ्या बिया मोजल्या, बेरजा तपासल्या. मग म्हणाली, "माझा नियम बरोबर आहे. वीस वर्षं त्याच्यावर यंत्र चालवते आहे."

मी म्हटलं, "यंत्रासाठी बरोबर आहे, आई. यंत्राला चारचौघांची लाज वाटत नाही."

ती उठून कणीक मळायला गेली. मान्य केलं नाही. आमच्या आईला कुणी काही मान्य करायला लावलं असेल तर तो माणूस मला भेटलेला नाही. पण दुसऱ्या दिवशी बाबा कामावर निघाले तेव्हा तीच त्यांना म्हणाली की मॅनेजरशी इतक्यात बोलू नका, पोरीला काहीतरी सापडलंय. बाबा म्हणाले, बरं, अर्दिया काय पळून जातंय. त्या वाक्यासाठी मी बाबांना जन्मभर सगळं माफ केलं, आणि माफ करण्यासारखं तसं काही नव्हतंच.

मग मी सगळं पुन्हा केलं, नीट. वर्गातली दुसरी मुलं घेतली, चार-चारांचे गट, प्रत्येक गटाला चारही वाट्या, आणि प्रत्येकाचा क्रम निराळा, म्हणजे सरावाने फरक पडला असं कुणी म्हणायला नको. किती शुक्रवार गेले आठवत नाही. आई दर वेळी मोजायला बसायची, न सांगता. कात्री दर वेळी उघडायची. एका गटात तर दुभाष्या एक शेंबडा पोरगा झाला आणि त्याने त्या कामाची इतरांकडून चॉकलेटं घेतली. सामंतकाकू आणि खाला यांच्या भांडणाचाही निकाल लागला: दोघी बरोबर होत्या, आपापल्या वाटीपुरत्या. त्यानंतर वर्गात मी गट घ्यायचे आणि खाला स्वयंपाकघरात एकेकाला बोलावून त्याच्याकडून मराठीत घरच्या चहाड्या काढून घ्यायची. कुणाच्या घरी काय शिजलं आणि कोण कोणावर रुसलं, हे सगळं तिला शुक्रवारी दुपारपर्यंत ठाऊक असायचं.

तोंडी परीक्षेला समोर दोन परीक्षक होते. एक बाई, त्या माझी वही चाळत होत्या, आणि एक वयस्कर सर, कंटाळलेले. पंखा गरागरा फिरत होता आणि माझी पानं उडत होती. सरांनी वही न बघताच विचारलं, "ठीक आहे, एका वाक्यात सांगा. मुलांना मराठी बोलतं कोण करतं, तुम्ही की त्या शेजारच्या बाई?"

मागच्या वर्षी मी कुणाचं तरी नाव सांगून मोकळी झाले असते. मी म्हटलं, "सर, हा अर्धाच प्रश्न झाला. मुलं किती आहेत ते सांगा, मग मी उत्तर देते."

सरांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मग वही ओढून घेतली, आकृतीवर बोट ठेवलं आणि विचारलं की ही खालची उजवी जागा आधी का मोजली नव्हती. मी सगळं सांगितलं. आईचा नियम, फडताळातली वाटी, वॉशिंग मशीन, शिल्पा, बाबांचा इस्त्रीचा शर्ट, काही झाकलं नाही. बाई इतक्या हसल्या की बाहेर रांगेत बसलेल्या मुली घाबरल्या. सरांनी विचारलं की मग सरासऱ्या सारख्या आल्या याचा अर्थ दोन्ही गोष्टींचा परिणाम नाही, असं म्हणायचं का? मी म्हटलं, नाही सर, परिणाम आहे, पण एकीचा परिणाम दुसरीला विचारल्याशिवाय सांगता येत नाही. सर म्हणाले, या तुम्ही. मी दाराशी पोचले तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, त्या बाईंना म्हणत होते की हे उदाहरण मी वर्गात वापरणार.

निकाल मामाने फोनवर कळवला. आमच्याकडे फोन नव्हता, तो खालाच्या नवऱ्याच्या बकाल्यात. खाला तेव्हा गल्ल्यावर बसली होती. तिने निरोप घेतला आणि तीन मजले चढून येईपर्यंत प्रत्येक जिन्यावर माझ्या नावाने हाक मारत आली. मलबारी, पंजाबी, इजिप्तची मिसरी मंडळी, सगळी दारं उघडली. नंदाबाय पहिल्या वर्गात, नंदाबाय पहिल्या वर्गात. त्या पेपरात मला सगळ्यांत जास्त मार्क होते. बाबांनी खाली जाऊन मिठाईचे डबे आणले आणि इमारतभर स्वतः वाटले, मॅनेजरकडेही एक डबा नेला आणि त्याला सांगितलं की टायपिस्ट दुसरी बघ. आईने पिठलं केलं. मी जेवायला बसले तर माझ्या ताटाशेजारी एक रिकामी स्टीलची वाटी ठेवलेली. ही कशाला, मी विचारलं. असू दे, म्हणाली. आणि पिठलं वाढायला लागली.

पुढे मी एमए केलं, शिकवायला लागले, तीस-बत्तीस वर्षं तेच प्रकरण फळ्यावर काढलं. दर वर्षी खजुराच्या बिया घेऊन वर्गात जायचे आणि पोरं मला मागून खजूरबाई म्हणायची, मला ठाऊक होतं. आईने मात्र तिचा नियम कधी सोडला नाही. निवृत्त होऊन पुण्याला आल्यावरही आमटीची उलटतपासणी चालूच होती.

गेल्या वर्षी तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर मुलगा तरुण, हुशार, नम्र. रक्तदाबाची गोळी तिला आधीपासून होती, त्याने झोपेसाठी दुसरी लिहून दिली. आजी, दोन्ही गोळ्या अगदी सुरक्षित आहेत, म्हणाला. आईने चिठ्ठी हातात घेतली, चष्मा पुसला आणि त्याला विचारलं, "ही एकटी घेतली तर चांगली. ती एकटी घेतली तर चांगली. माझ्या वयाच्या बाईने दोन्ही एकत्र घेतल्यावर काय होतं, ते मोजलंय का कुणी? चौथी वाटी कुठाय?"

त्या बिचाऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघत होते, कारण माझे डोळे भरले होते आणि हसूही येत होतं. त्याने मुकाट्याने पुस्तक उघडलं, वाचलं, दुसरी गोळी खोडली आणि वेगळी लिहून दिली. रिक्षात बसल्यावर मला राहवेना. मी म्हटलं, "काय गं आई, एका वेळी एकच गोष्ट बदलायची ना?"

ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "तो नियम यंत्रांसाठी, नंदा. मी काय यंत्र आहे?"